सात पुटे

मे महिन्याच्या सुट्टीत कोण कोठे जाणार, हा विषय आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत एप्रिलच्या मध्यापासून सुरू होतो. कोणी महाबळेश्वरला खोली घेतलेली असते, कोणी हिमाचलातल्या थंडीच्या गोष्टी आताच सांगू लागलेले असते. माझी पाळी आली की मी म्हणते, "घरी." त्यावर एखादी नवी शिक्षिका हटकून विचारते, "म्हणजे कोठेच नाही का, बाई?" मी मान हलवते. बालवर्गाच्या बाईला फार खुलासे विचारण्याची पद्धत नाही, हे एक बरे आहे.

हे घर दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, पुढे ओटी आणि पडवी, मागे न्हाणीघर, न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेले अळू, आणि त्यापलीकडे विहीर व वाडी. वाडी म्हणजे मोठे आगर नव्हे. नारळाचे पंधरा-वीस माड, सुपारी, दोन फणस, चार आंबे, रातांब्याची तीन झाडे. त्यांतले एक नर निघाले. आजोबांनी ते लावले, दहा वर्षे फळाची वाट पाहिली, आणि मग "असू दे सावलीला" म्हणून सोडून दिले. आमच्या घराण्यात कोणाही बिनकामाच्या माणसाला "मागच्या दारचा रातांबा" म्हणतात. मी पहिली कादंबरी लिहिली तेव्हा ही पदवी काही दिवस मलाही मिळाली होती.

त्या घरात आता काकू एकटी राहते. वय शहात्तर. काका जाऊन अकरा वर्षे झाली. मूलबाळ नाही. आई-बाबाही गेले. दादा ठाण्यात, मी पुण्यात. शाळेचा निकाल लागला की मी ताम्हिणी घाट उतरते, आणि महिनाभर काकूच्या हाताखाली राबते. लोक विश्रांतीसाठी जातात, मी राबण्यासाठी जाते. राबण्यात एवढे सुख असते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. लहानपणी याच घरात काम सांगितले की मी पोट दुखते म्हणून माळ्यावर जाऊन बसत असे.

२०२५ च्या मे महिन्यात मात्र मी गेले ती एक लिफाफा घेऊन. त्याची गोष्ट पुढे येईल. मलाही तो आधी बाहेर काढावासा वाटला नव्हता. पिशवीत साड्यांच्या तळाशी घालून मी तो पंधरा दिवस तसाच ठेवला.

तिकडचा दिवस उजाडतो तो पाण्याने. पहाटे वीज असते, म्हणून पंप पहाटेच लावायचा. एके काळी विहिरीवर रहाट होता, बैल फिरायचा, आणि लाकडाच्या करकरण्याने आम्हा मुलांना जाग यायची. आता पंपाच्या घरघरीने येते. परंतु पाटाचे पाणी तेच आहे. काकू काठी टेकत बांधावर उभी राहते आणि मी फावड्याने एकेका आळ्याचे तोंड उघडत आणि मिटत जाते. पाणी कोरड्या आळ्यात शिरते तेव्हा एक बारीक चुर्र असा आवाज होतो, आणि मातीचा वास येतो. आळे भरले की पाणी क्षणभर थरथरते आणि मग स्थिर होते. तेवढ्यात पलीकडच्या आंब्यावर तांबट पक्षी आपला हातोडा ठोकू लागतो. तो ठोका एकदा सुरू झाला की दुपारपर्यंत थांबत नाही. काकू म्हणते, "हा मेला कुणाचं घर बांधतोय कोण जाणे!"

वाडीकडे पाहिले की मला अजूनही तिची जुनी दाटी दिसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर आले आणि त्याने दक्षिणेकडच्या आमच्या दापोली तालुक्यालाही झोडपून काढले. टाळेबंदीचे दिवस होते. मी पुण्यात अडकलेली, दादा ठाण्यात. काकू आणि शेजारची वहिनी देवघरात बसून होत्या. कौले पत्त्यांसारखी उडाली. संध्याकाळी दोघी बाहेर आल्या तेव्हा दोनशे सुपाऱ्यांपैकी अकरा उभ्या होत्या. बाकीच्या एकाच दिशेला आडव्या पडलेल्या, जणू कोणी विंचरून ठेवल्यासारख्या. फोन लागायला आठ दिवस गेले. लागला तेव्हा काकू एवढेच म्हणाली, "बयो, मागच्या दारातनं समुद्र दिसतोय गो." तो आजवर कधी दिसला नव्हता. मध्ये वाडी होती.

पुढच्या पावसाळ्यात, २०२१ साली, आम्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून श्रीवर्धनी सुपारीची साठ रोपे आणली. सुपारी हे मोठे लाडावलेले झाड आहे. तिला पाणी हवे, पण पाय बुडलेले नकोत. ऊन हवे, पण तिन्हीसांजेकडे कललेले तिरपे ऊन कोवळ्या खोडाला लागले की ते भाजते आणि पुढे तिथेच फुटते. म्हणून मधूनमधून केळी लावायच्या, आणि नैर्ऋत्येच्या बाजूने खोडाला झावळ्या बांधायच्या. माझ्या मे महिन्याचे निम्मे दिवस या साठ पोरींना झावळ्यांचे पदर बांधण्यात जातात. बालवर्गात वीस वर्षे काढलेल्या बाईला हे काम जड वाटत नाही. साठापैकी एकेचाळीस जगल्या. हेही आमच्या वर्गाच्या हजेरीपेक्षा वाईट नाही.

स्वयंपाकघराचा कारभार मे महिन्यात निराळाच असतो. एरवी पोळीभाजीचे काय करायचे ते माणूस ठरवतो. मे महिन्यात झाडे ठरवतात. सकाळी फणस खाली आला की त्या दिवशी फणस. तो बरका निघाला तर एक गोष्ट, कापा निघाला तर दुसरी. आमचे एक झाड बरक्याचे आहे. त्याचे गरे हातातून निसटतात, आणि शहरातल्या पाहुण्यांना ते पाहूनच कसेसे होते. पण सांदण करावे तर त्याचेच. हाताला आणि विळीला खोबरेल लावायचे, नाहीतर चीक संध्याकाळपर्यंत साथ सोडत नाही. गरे चाळणीवर घासून रस काढायचा. जेवढा रस तेवढा तांदळाचा भाजलेला रवा, चवीला गूळ आणि मीठ, ओल्या नारळाचा चव. हे कालवून तासभर झाकून ठेवायचे आणि मग वाट्यांतून उकडायचे. वाफ येऊ लागली की सारे घर पिवळे झाल्यासारखे वाटते. वासाला रंग असतो की नाही, यावर शाळेतल्या विज्ञानाच्या बाई माझ्याशी वाद घालतील, म्हणून मी पुढे काही बोलत नाही. गरम सांदण, त्यावर नारळाचा रस. काकू पहिला तुकडा विहिरीकडे जाऊन कावळ्याला ठेवते, दुसरा मला देते आणि म्हणते, "मीठ कमी झालं का?" तिचे मीठ कधी कमी झालेले नाही.

आठळ्या धुऊन, तांबड्या मातीत लडबडून कोपऱ्यात रचायच्या. श्रावणात त्यांची भाजी होते. दुपारी रायवळ आंब्यांची कोयाडे, नाहीतर नुसता मऊ भात, मेतकूट आणि लोणच्याचा खार. जेवून ओटीवर आडवे व्हावे तर खारा वारा सुटतो. तो अंगाला चिकटतो खरा, पण झोप अशी आणतो की दवाखान्यातल्या गोळ्यांनी लाजावे. चार वाजता उठून मोगऱ्याच्या कळ्या काढायच्या. देवाला पुरून उरल्या की उरलेल्या काकू माठात टाकते.

आणि संध्याकाळ झाली की लिफाफ्याची आठवण होते.

त्यात हक्कसोडपत्राचा मसुदा होता. काकूने आणि मी आपापला हिस्सा दादाच्या नावे सोडायचा, म्हणजे पुढचा व्यवहार त्याला एकट्याला करता येईल. मुंबईच्या एका गृहस्थांना ती जागा हवी होती. समुद्र जवळ, आणि आता तर मागच्या दारातून दिसणारा. तिथे प्रवाशांसाठी खोल्या बांधायचा त्यांचा विचार होता. दादाने रक्कम नीट वाटून देण्याचे कबूल केले होते, आणि दादाच्या शब्दाबद्दल मला आजही शंका नाही. मे अखेर तो येणार, आम्ही तिघे दापोलीला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाणार, सह्या होणार, आणि काकू त्याच्याबरोबर ठाण्याला जाणार, असे ठरले होते. ठरले होते म्हणजे दादाने आणि मी फोनवर ठरवले होते. काकूला मी समजावून सांगायचे, एवढे माझ्या वाट्याला आले होते.

दादाला दोष देणे सोपे आहे, म्हणून मी तो देत नाही. जानेवारीत काकू विहिरीजवळ घसरून पडली होती. शेजारच्या वहिनीला दीड तासाने दिसली. दीड तास ती ओल्या फरशीवर पडून होती, आणि त्या वेळी मी वर्गात मुलांकडून बडबडगीत म्हणवून घेत होते. दादा त्या रात्री गाडी घेऊन निघाला आणि पहाटे पोहोचला. मी तिसऱ्या दिवशी. "पुढच्या वेळी दीड तासाने कुणाला दिसली नाही तर?" असे तो म्हणाला. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही पुरते नाही.

खरे सांगायचे तर, आणखी एक गोष्ट होती. त्या घरात माझा हिस्सा आहे, हे मला कधी वाटलेच नव्हते. कायद्याने तो आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखाच हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, साऱ्या देशाला २००५ साली. हे मी वाचलेले होते, मैत्रिणींना तावातावाने सांगितलेलेही होते. परंतु स्वतःच्या बाबतीत मी माहेर म्हणत असे. माहेर म्हणजे जिथे पाहुणी म्हणून जायचे आणि पिशवी भरून यायचे. पाहुणीने सही करून बाजूला व्हायला किती वेळ लागतो?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रातांबे पिकले, आणि कागद मागे पडले.

रातांब्याचे काम एकदा सुरू झाले की घरात दुसरे काही होत नाही. झाडाखाली साडी अंथरायची, काठीने फांद्या हलवायच्या, आणि तांबड्या मुंग्या, ज्यांना आमच्याकडे ओंबील म्हणतात, मानेत शिरल्या की ओरडत पळायचे. फळे धुऊन पुसून अर्धी कापायची. आतला गर आणि बिया एका मोठ्या बरणीत मीठ घालून ठेवायच्या, त्याचे आगळ सुटते. साली खळ्यात उन्हात पसरायच्या. संध्याकाळी त्या गोळा करून त्याच आगळात भिजवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हे एक पूट. कोणी पाच पुटे देतात, बाजारात तर तीनवर भागवतात. काकूच्या हिशेबात सात. पहिल्या दिवशीची साल गुलाबी असते, तिसऱ्या दिवशी जांभळी होते, सातव्या दिवशी काळी, मऊ, आणि हाताला किंचित ओशट. तिला मग वर्षानुवर्षे काही होत नाही. उरलेल्या बिया वाळवून, कुटून, उकळून त्यांचे मुठेल करायचे. टाचांच्या भेगांना त्यासारखे औषध नाही.

आमचा हात लाल झाला. माझी बोटे पुण्याला परतल्यावरही आठवडाभर लाल असतात, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारते, "बाई, मेंदी का?"

१९ तारखेला चौथे पूट झाले. रात्री ओटीवर बसलो तर रातांब्याच्या नर झाडावर काजवे आले होते. साऱ्या वाडीत नेमके त्याच झाडावर, शेकड्यांनी. एका लयीत उजळत होते, विझत होते. पावसाच्या तोंडावर ते येतात, पण यंदा लवकर आले होते. काकू बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "गाज बदलली गो." मी कान दिला. मला समुद्र नेहमीसारखाच ऐकू आला. "दक्षिणेची येतेय," ती म्हणाली. "उद्या रातांबे नकोत घालायला."

मी हसले. मे महिन्याच्या वीस तारखेला कोकणात पाऊस! आमच्याकडे मृग नक्षत्र लागल्याशिवाय कोणी छत्री झटकत नाही. मी सकाळी साली खळ्यात पसरल्या. अकराच्या सुमारास आभाळ काळे झाले, आणि आम्ही दोघी सुपे, टोपल्या, परात, जे हाती लागेल ते घेऊन धावलो. काकू पडेल म्हणून मी ओरडत होते, आणि रातांबे भिजतील म्हणून काकू माझ्यावर ओरडत होती. निम्मे वाचले, निम्मे भिजले.

तो पाऊस थांबलाच नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आला आणि २६ तारखेला मुंबईत पोहोचलासुद्धा. एरवी तो मुंबईला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्याच्या आधीचे चार-पाच दिवस आमच्याकडे वळवाने झोडपले. बागायतदारांचे झाडावरचे आंबे गेले. आमच्यापाशी मण-दीड मण रातांब्याच्या साली होत्या, चार पुटे झालेल्या, आणि ऊन नव्हते.

काकूने न्हाणीघरातले चुलवण पेटवले. त्यावर जुन्या दाराची फळी बसवली, फळीवर सुपे. दुसरी रास स्वयंपाकघरातल्या चुलीवरच्या मांडवीवर. सोडणे आणि करवंट्या धुमसत ठेवायच्या, जाळ होऊ द्यायचा नाही. दर अर्ध्या तासाने साली परतायच्या. डोळे चुरचुरत, नाक वाहत. बाहेर पाऊस आणि आत धूर. तीन दिवस आम्ही वळचणीखालच्या मांजरांसारख्या चुलीशी बसून होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुपांत अंथरायला कागद संपला. जुनी वर्तमानपत्रे ओली झाली होती. मी साली परतत होते. काकू आत गेली आणि माझी पिशवी धुंडाळू लागली. "हे चालतील का गो?" असे म्हणत ती दारात आली, तेव्हा तिच्या हातात तो लिफाफा होता.

मला काही बोलता येईना. तिने चष्मा लावला. दाराशी उजेड बरा होता, तिथे उभी राहून तिने पहिले पान वाचले, मग दुसरे. काकू सातवीपर्यंत शिकलेली आहे आणि रोज पोथी वाचते, तिला वाचायला वेळ लागला नाही. पावसाचा आवाज येत होता. मी हातातली साल उगाचच उलटी-सुलटी करीत राहिले.

"सही कुठे करायची?" ती म्हणाली.

"काकू, मी सांगणारच होते..."

"शेवटच्या पानावर दिसतेय." तिने कागद घडी घालून लिफाफ्यात ठेवले, लिफाफा फडताळात, मिठाच्या बरणीमागे. "पण सात पुटं होऊ देत. अर्धवट टाकून नको जायला. आणि हे कागद अंथरायला घेऊ नकोस, शाई उतरते."

पुन्हा ती चुलीशी बसली. त्या दिवशी तिने त्या विषयावर आणखी एक शब्द काढला नाही. संध्याकाळी पिठले-भात केला, मला दोनदा वाढला. कोणी भांडले असते, रडले असते, तर मला सोपे गेले असते. मी कादंबऱ्या लिहिते. अशा प्रसंगी माझी पात्रे पान-पान बोलतात. मला वाटते, ती चुकीचे करतात.

२८ तारखेला जरा उघडीप मिळाली. मी वाडीत काय पडझड झाली ते पाहायला गेले. पाटाच्या कडेला, पश्चिमेकडच्या ओळीत, एका सुपारीच्या खोडाला काहीतरी फुगलेले दिसले. मला वाटले, कीड. जवळ जाऊन पाहिले तर खाली गळलेल्या झापाच्या बेचक्यातून पोय बाहेर येत होती. तिचे आवरण नुकतेच उकलले होते, आणि आत ओलसर पिवळ्या कणसासारखी तिची फुले. चौथ्याच वर्षी! शेजारच्या कोणालाही अजून काही नव्हते, ही एकटीच घाईची. मी धावत काकूला बोलवायला गेले. ती काठी टेकत आली, खोडाला हात लावून उभी राहिली. झावळीचा बांध सैल झाला होता, तो तिने घट्ट केला.

"पहिली पोय टिकत नाही," ती म्हणाली. "गळते बहुतेक." आणि जरा वेळाने, "पण आली."

दादा ३० तारखेला आला. वाटेत खेडच्या पुढे दरड होती, म्हणून संध्याकाळ झाली. भिजलेला, दमलेला. काकूने त्याच्यापुढे कुळथाची पिठी आणि भात ठेवला. तो जेवून उठला तसा काकूने त्याच्या हाती सूप दिले. सहावे पूट चालू होते. ठाण्यातल्या कचेरीत ज्याच्या हाताखाली तीस माणसे आहेत, तो दादा चुलवणापुढे उकिडवा बसून साली परतू लागला. त्याला येत होते. लहानपणी आई त्यालाच बसवायची, मी माळ्यावर पळायची.

काकू निजल्यावर मी त्याला म्हटले, "दादा, मला माझा हिस्सा सोडायचा नाही."

'माझा' हा शब्द मी त्या घरात प्रथमच उच्चारला. तो मला फार मोठ्याने बोलल्यासारखा वाटला.

तो बराच वेळ गप्प राहिला. रागावला नाही, पण त्याला लागले. "तुला काय वाटतं, मला विकायला बरं वाटतंय?" तो म्हणाला. "तू मे महिन्यात येतेस. सांदण खातेस, फुलं वेचतेस. बाकीचे अकरा महिने रात्री फोन वाजला की मी दचकतो."

हे खरे होते. मी ते ऐकून घेतले. माझ्या सुखाची किंमत अकरा महिने दुसरे कोणीतरी भरीत होते, हे मला त्याआधी कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. आम्ही रात्री दोनपर्यंत बोलत बसलो. साली परतायच्या असल्यामुळे झोपेचा प्रश्न नव्हताच.

शेवटी ठरले ते असे: पावसाचे चार महिने काकू माझ्याकडे पुण्याला राहील. दसऱ्यानंतर ती परतेल. शेजारच्या वहिनी रात्री सोबतीला निजतील, त्याबद्दल त्यांना दरमहा काही द्यायचे, ते मी देईन. विहिरीला कठडा आणि खडबडीत फरशी, तो खर्च निम्मा-निम्मा. दिवाळीची सुट्टी मी तिथे काढीन, आणि मधल्या काळात महिन्यातून एक शनिवार-रविवार. मुंबईच्या गृहस्थांना दादाने "आणखी एक वर्ष थांबा" असे कळवले. त्याने "नाही" कळवले नाही, हे मला ठाऊक आहे. काकूला सकाळी सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "मग झावळ्या कोण बांधणार?" दादा म्हणाला, "मी येईन." तो आला. ऑगस्टमध्ये दोनदा.

हे लिहिते आहे तेव्हा गणपती नुकतेच गेले आहेत. काकू माझ्या सज्जात बसून कुंडीतल्या अबोलीला शिव्या देते आहे, कारण पुण्याच्या हवेत ती म्हणावी तशी फुलत नाही. ती इथे सुखी आहे, असे मी म्हणणार नाही. दिनदर्शिकेवर तिने दसऱ्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आहे. वहिनींचा फोन आला की पहिला प्रश्न पोयीचा असतो. ती पोय जुलैच्या पावसात गळली. पण त्याच ओळीत आणखी दोघींची पोटे फुगलेली दिसतात, असे वहिनी म्हणतात. वहिनींचा डोळा अधू आहे, तेव्हा जाऊन पाहिल्याशिवाय खरे नाही.

आमसुले मात्र झाली. सातवे पूट ३ जूनला झाले. निसर्ग वादळाला त्या दिवशी पाच वर्षे पुरी झाली, हे कोणाच्या लक्षात आले नाही. मलाही आता लिहिताना आले. दोन बरण्या भरल्या, एक दादाला दिली. रंग नेहमीपेक्षा काळा, आणि उघडल्याबरोबर धुराचा वास.

परवा रात्री दादाचा फोन आला. अवेळी म्हणून मीच दचकले.

"अगं, आमटीला धूर लागल्यासारखा वास येतोय," तो म्हणाला. "तुझी वहिनी म्हणते, डाळ करपली."

"आमसुलांचा आहे तो."

"तेच मी तिला सांगतोय." पलीकडे भांड्यांचा आवाज आला. मग तो जरा हळू म्हणाला, "तुझ्या बरणीतली उरली आहेत का गं अजून?"